पिशवीचा नंबर

(नागपुरात, इंदोऱ्यात, तरुण पोरापोरींसमोर केलेलं भाषण. बोललो तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



मला इथं कविता म्हणायला बोलावलं आहे. कविता खिशात आहेत. आज त्या खिशातच राहू द्या. आज मी एका नंबरवर बोलणार आहे. रक्ताच्या पिशवीवर छापलेला असतो, तो नंबर. तो माझ्या हातून हरवला, आणि त्याची किंमत माझ्या मावशीची पोरगी आजही मोजते आहे.

मी इथलाच. पोटासाठी मुंबईच्या गोदीत हमाली करतो. गोदीत जहाजातून माल उतरतो तेव्हा टॅली क्लार्क वही घेऊन उभा असतो. किती नग उतरले, कोणत्या मार्क्याचे, किती फाटले, किती भिजले, सगळं लिहितो. फाटलेलं पोतं बाजूला काढतात. मग सर्व्हेअर येतो, विमा कंपनीचा माणूस येतो. पोतं जहाजात फाटलं, क्रेनवर फाटलं की गोदामात फाटलं, याचा शोध लागतो. आणि ज्याच्या ताब्यात असताना फाटलं त्याच्या खिशातून पैसे निघतात. त्या पोत्याला कोणी विचारत नाही, की बाबा, मागच्या जन्मी तू काय पाप केलं होतंस?

मालाला क्लेम आहे. मग माणसाला का नाही? हा माझा आजचा सवाल.

आता घरची गोष्ट सांगतो. मावशीच्या पोरीला सिकलसेल आहे. सिकलसेल म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांत आणि आदिवासी गावांत हा आजार घरच्या पाहुण्यासारखा ओळखीचा आहे. याच नागपुरात संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली आणि तिच्यात आयुष्य घातलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तीही मेल्यावर. असो. पोरीचं रक्त घसरलं की तिला रक्त चढवावं लागतं. दोन वर्षांत पाच वेळा चढवलं. चौथ्या वेळी मी सुट्टीवर होतो. रक्तपेढीतून पिशवी मीच आणली. दवाखान्यात कागदावर सही मीच केली. घरात मॅट्रिक झालेला मीच, म्हणून. न वाचता केली. पिशवीसोबत क्रॉसमॅचची चिठ्ठी मिळाली होती. त्या चिठ्ठीवर पिशवीचा नंबर असतो. ती मी पँटच्या खिशात कोंबली. पँट धुवायला गेली. चिठ्ठीचा लगदा झाला.

दिवसाला हजार पोत्यांचे मार्के ओळखणारा मी. बहिणीच्या अंगात गेलेल्या एका पिशवीचा नंबर मी जपला नाही.

काही महिन्यांनी तपासणीत निघालं की पोरीला हेपटायटिस सी झाला आहे. आधीच्या तपासणीत नव्हता. चौदा वर्षांची पोरगी. तिला सुई टोचून घेण्याचं व्यसन नाही, तिनं गोंदवून घेतलेलं नाही. तिच्या अंगात बाहेरून गेलं ते फक्त रक्त. मावशीला मी हे सांगितलं. मावशी म्हणाली, "जाऊ दे न बाबू. तिच्या नशिबातच होतं थे. कोनाकोनाशी भांडशील?"

दोस्तहो, मावशीच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. १४ ऑक्टोबरला ती दीक्षाभूमीवर पायी जाते. आणि तिच्या तोंडून निघालं 'नशीब'. मी तिला दोष देत नाही. हजारो वर्षं जे आपल्या कानात ओतलं ते १९५६ सालच्या एका सकाळी धुऊन निघत नाही, रोज धुवावं लागतं. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात याच गोष्टीवर बोट ठेवलं आहे. मागच्या जन्मीच्या कर्मामुळे माणूस गरीब होतो, रोगी होतो, हा सिद्धांत कोणाच्या फायद्याचा? तर राज्याच्या आणि समाजाच्या. कारण मग गोरगरिबांच्या हालांची जबाबदारी कोणावरच येत नाही. आणि बुद्ध काय सांगतो? कारणाशिवाय काही घडत नाही. ते कारण शोधायचं मात्र इथंच, याच जन्मात.

तर पोरीच्या आजाराचं कारण मागच्या जन्मात नाही. ते एका पिशवीत आहे. पिशवीवर नंबर आहे. नंबरामागे नोंदवही आहे. नोंदवहीमागे तपासणी करणारा माणूस आहे, आणि त्याच्यामागे मालक आहे. इथवर पोचणं म्हणजेच भरपाईचा दावा. माझ्या लेखी दावा लावणं हे धम्माचंच काम आहे.

हे एका घरचं दुखणं आहे असं समजू नका. मे २०२२ मध्ये याच नागपुरात बातमी फुटली की थॅलेसेमियाच्या चार मुलांना रक्त घेतल्यानंतर एचआयव्ही झाला, आणि त्यातलं एक मूल मेलं. थॅलेसेमियाच्या मुलाला जगायचं तर सतत रक्त घ्यावं लागतं. ज्या नळीतून जगणं येतं त्याच नळीतून मरण आलं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेतली, राज्य सरकारला नोटीस काढली. त्याआधी २०१६ मध्ये मुंबईच्या एका माहिती अधिकार कार्यकर्त्याने राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेकडून आकडा काढला होता. सुमारे दीड वर्षात देशभरातल्या २,२३४ जणांनी सांगितलं होतं की आपल्याला रक्त घेतल्याने एचआयव्ही झाला. महाराष्ट्रात २७६. हे रुग्णांनी स्वतः सांगितलेलं आहे, प्रत्येक केस तपासलेली नाही, हेही सांगतो. पण २,२३४ माणसं बोलली. त्यातल्या किती जणांना भरपाई मिळाली?

आता 'निष्काळजीपणा' म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. नुसतं 'साले चोर आहेत' म्हणून भागत नाही. कोर्टात शिवी चालत नाही, कागद चालतो.

रक्तपेढीला कायद्याने प्रत्येक पिशवी पाच रोगांसाठी तपासावी लागते. एचआयव्ही, हेपटायटिस बी, हेपटायटिस सी, गुप्तरोग म्हणजे सिफिलिस, आणि मलेरिया. पिशवीच्या लेबलवर रक्तपेढीचं नाव, लायसन्स नंबर, रक्त घेतल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख असते. आणि पिशवीचा नंबर. रक्त देणाऱ्याची आणि तपासणीची नोंद पाच वर्षं जपून ठेवावी लागते.

तरी रोग कसा जातो? दोन वाटांनी. एक, तपासणी केलीच नाही, किंवा मुदत संपलेल्या किटने केली, किंवा न करताच वहीत 'निगेटिव्ह' लिहिलं. हा उघड निष्काळजीपणा. दुसरी वाट, विषाणू अंगात शिरल्यावर काही दिवस तपासणीत दिसत नाही. त्याला 'विंडो पिरियड' म्हणतात. साध्या एलायझा तपासणीत एचआयव्ही दिसायला साधारण तीन आठवडे लागतात. नॅट नावाची महागडी तपासणी आहे, ती थेट विषाणूचं बीज शोधते, तिच्यात हा काळ दहाबारा दिवसांवर येतो. शून्यावर कोणतीच येत नाही. २०२२ मध्ये नागपूरची मुलं बाधित झाली तेव्हा नॅट कायद्याने सक्तीची नव्हती. ज्याला परवडेल त्याने नॅटचं रक्त घ्यावं, बाकीच्यांनी साधं. पाण्याच्या बाबतीत आपण हे पाहिलेलं आहे. वरचा हौद त्यांचा, खालचा ओहोळ आपला. रक्ताचेही दोन पाणवठे झाले.

रक्तपेढीवाले नेहमी 'विंडो पिरियड'च्या आड लपतात. "आमच्या हातात काहीच नव्हतं," म्हणतात. कधी ते खरंही असतं, मी नाही म्हणत नाही. पण खरं की खोटं हे वहीवरून ठरू द्या. वही दाखवा.

आणि हा धंदा कसा चालायचा तेही आठवा. जुनी माणसं सांगतील. मोठ्या दवाखान्यांबाहेर रक्त विकणारे उभे असायचे. कोण होते ते? रिक्षावाले, बेकार, दारूत बुडालेले, घरी चूल न पेटलेले. म्हणजे आपलेच. महिन्यात कितीदा बाटली भरून द्यायचे आणि त्या पैशात जेवायचे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉमन कॉज संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदाते बंद झाले. तोवर गरिबाचं रक्त विकलं जायचं, आणि त्यातला रोग बहुतेक गरिबालाच परत मिळायचा. रक्ताच्या पिशवीवर जात लिहिलेली नसते. पण कोणाच्या अंगात न तपासलेलं रक्त जातं, हे पाहिलं की जात दिसते.

आता 'मदत' आणि 'भरपाई' यांतला फरक सांगतो. हाच माझ्या भाषणाचा गाभा आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये झारखंडमध्ये चाईबासाला, आदिवासी मुलखात, सरकारी दवाखान्यात रक्त घेतलेल्या थॅलेसेमियाच्या पाच मुलांना एचआयव्ही असल्याचं निघालं. अधिकारी निलंबित झाले. मुख्यमंत्र्यांनी प्रत्येक कुटुंबाला दोन लाख रुपयांची मदत जाहीर केली. दोन लाख. जन्मभराच्या गोळ्या, जन्मभराचा डाग, त्याची ही 'मदत'.

आता दुसरी केस ऐका. २००२ साली संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर फौज लावली होती, ऑपरेशन पराक्रम. हवाई दलाचा एक जवान सांब्याच्या लष्करी दवाखान्यात आजारी पडला आणि त्याला रक्त चढवलं गेलं. २०१४ मध्ये तो पुन्हा आजारी पडला, तेव्हा एचआयव्ही निघाला. बारा वर्षांनी. त्याने कागद मागितले, टाळाटाळ झाली. नोकरी गेली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्याची तक्रार फेटाळली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. २६ सप्टेंबर २०२३ ला निकाल लागला. हवाई दल आणि लष्कर दोघंही जबाबदार, आणि भरपाई १ कोटी ५४ लाख ७३ हजार रुपये.

दोन लाख आणि दीड कोटी. रोग एकच, रक्ताचीच वाट. फरक कशाचा? एका ठिकाणी सरकारने हात वर करून दान दिलं. दुसऱ्या ठिकाणी एका माणसाने सरकारला पिंजऱ्यात उभं केलं. मदत देणारा मोठा होतो आणि घेणारा वाकतो. भरपाई देणाऱ्याला मान खाली घालावी लागते. मदतीच्या चेकबरोबर फोटो काढतात. भरपाईचा फोटो कोणी काढत नाही.

त्या निकालात न्यायालयाने एक तत्त्व लावलं. काही वेळा घटना स्वतःच बोलते. जवान धडधाकट होता, दवाखान्याने रक्त दिलं, त्यांच्याच वैद्यकीय मंडळाने नंतर लिहिलं की रोग त्या रक्तातून आला. मग आपण काळजी घेतली होती हे दवाखान्याने दाखवायचं. आजाऱ्याने प्रयोगशाळेत घुसून पुरावा आणायचा नाही. हे लक्षात ठेवा. आणि हेही लक्षात ठेवा की त्या जवानाजवळ वैद्यकीय मंडळाचा कागद होता. बारा वर्षांनीसुद्धा तो उभा राहिला तो कागदावर.

आता वाटा सांगतो. लिहून घ्या.

पहिली वाट ग्राहक आयोगाची. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात ठरवलं की पैसे घेऊन उपचार करणारा दवाखाना ग्राहक कायद्यात येतो. काहींकडून पैसे घेतो आणि गरिबांना फुकट पाहतो, असा दवाखानाही येतो, आणि त्या फुकटवाल्या गरिबालाही हक्क आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. उपचाराला पाच लाखांपर्यंत पैसे दिले असतील तर तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. उशीर झाला आणि त्याला सबळ कारण असेल तर आयोग माफ करू शकतो. रोग उशिरा कळला हे कारण सांगायचं.

दुसरी वाट. जिथं सगळ्यांनाच सगळं फुकट, तो सरकारी दवाखाना ग्राहक कायद्यात येत नाही. इथंच आपली माणसं हताश होतात. "फुकट घेतलं, आता बोलावं कोन्या तोंडानं?" अरे, फुकट कसलं? चपलेवरसुद्धा आपण कर भरतो. तिथं उच्च न्यायालयाची वाट आहे. नागपुरात खंडपीठ आहे, मुंबईला जायला नको. जगण्याचा हक्क, संविधानाचं कलम २१. १९९६ साली पश्चिम बंगालच्या शेतमजूर संघटनेने हे करून दाखवलं. रेल्वेतून पडलेल्या एका माणसाला कलकत्त्याच्या सरकारी दवाखान्यांनी एकामागून एक परत पाठवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्कावर घाला आहे, आणि सरकारने २५ हजार रुपये भरपाई द्यावी. रक्कम लहान, पण दार उघडलं ते उघडलं.

तिसरी, फौजदारी. निष्काळजीपणाने जिवावर बेतणारा रोग पसरवणं हा गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेत तो कलम २६९ होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २७१ आहे. शिक्षा फार नाही, सहा महिन्यांपर्यंत. आणि डॉक्टरवर फौजदारी लावायची तर निष्काळजीपणा ढळढळीत असावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं आहे. म्हणून नुसत्या पोलीस ठाण्यावर विसंबू नका.

वकिलाला पैसे नाहीत? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला, बाईला आणि मुलाला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. १९९० पासून अनुसूचित जातीत बौद्धही आले. म्हणजे मावशीच्या पोरीला तीन तीन कारणांनी हक्क आहे. पोरगी म्हणून, मूल म्हणून, आणि जातीने. एरवी ज्या गोष्टींनी तिला मागं ढकललं त्याच इथं कामाला येतात.

नाव फुटेल ही भीती? ती खरी आहे. वस्तीत एचआयव्ही म्हटलं की पाण्याचा ग्लास वेगळा होतो. आपणच अस्पृश्यता पाळायला लागतो, आपणच! याची लाज वाटली पाहिजे. पण कायद्यात सोय आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याखाली कोर्टात खरं नाव लपवून टोपणनावाने केस चालवता येते. त्याच्याही आधी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात एक रोजंदारी कामगार 'एमएक्स' या नावाने लढला. कंपनीने एचआयव्ही आहे म्हणून काम नाकारलं होतं. न्यायालयाने म्हटलं, जो काम करू शकतो त्याला फक्त या रोगापायी काढता येणार नाही. तो माणूस आपल्यासारखाच रोजंदार होता. दोन अक्षरांच्या नावाने लढला आणि जिंकला.

आणि कामावर लागलेल्या रोगाचं काय? दवाखान्यात कचरा कोण उचलतो? झाडू कोणाच्या हातात आहे? वापरलेली सुई कोणाच्या बोटात घुसते? डॉक्टरांच्या पोरांच्या नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. ठेकेदाराच्या कामगारांना विचारा, किती जणांना दिली? सुई टोचली की त्याच दिवशी लेखी नोंद करायला लावा. १९२३ च्या भरपाई कायद्यात संसर्गाचे रोग व्यवसायजन्य रोगांच्या यादीत होते. दवाखान्याचं आणि प्रयोगशाळेचं काम, जनावरांचं, कातड्या-हाडांचं काम, जनावरांनी घाण केलेल्या मालाचं काम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, यादी तिथंही आहे. इथं मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. काम आणि रोग यांचा संबंध दाखवावा लागतो. गोदीत उंदरांच्या मुतात भिजलेल्या पोत्यांखाली मान घालणाऱ्या आम्हा लोकांना हे कोणी सांगितलं नव्हतं. मी स्वतः या पोरीच्या केसपायी वाचलं तेव्हा कळलं.

आता थोडं बाहेर बघू. इंग्लंडमध्ये १९७० पासून १९९० च्या सुरुवातीपर्यंत तीस हजारांवर माणसांना सरकारी आरोग्य सेवेच्या रक्तातून आणि रक्ताच्या औषधांतून एचआयव्ही आणि हेपटायटिस सी झाला. सुमारे तीन हजार मेले. हिमोफिलियाची जी औषधं अमेरिकेतून आणली त्यांत तुरुंगातल्या कैद्यांचं विकत घेतलेलं रक्त होतं. बघा, तिथंही गरिबाचीच नस. सरकार वर्षानुवर्षं म्हणत राहिलं, 'टाळता येण्यासारखं नव्हतं.' बाधित माणसांनी चाळीस वर्षं पिच्छा सोडला नाही. २०१७ मध्ये चौकशी जाहीर झाली. २० मे २०२४ ला सर ब्रायन लँगस्टाफ यांचा अहवाल आला. बरंचसं टाळता आलं असतं आणि सत्य झाकलं गेलं, असं त्यात आहे. त्याच दिवशी पंतप्रधानाला संसदेत माफी मागावी लागली. भरपाईसाठी वेगळं प्राधिकरण झालं, ऑक्टोबर २०२४ मध्ये ११.८ अब्ज पौंड बाजूला काढले गेले. आणि तिथं प्रत्येक आजाऱ्याला वेगळं कोर्टात जाऊन कोणाची चूक ते सिद्ध करावं लागत नाही. रक्त घेतलं, रोग झाला, एवढं दाखवायचं.

आपली मागणी हीच असली पाहिजे. 'विंडो पिरियड' असो नाहीतर किट खराब असो, सरकारने लायसन्स दिलेल्या रक्ताने माणूस आजारी पडला तर भरपाई सरकारने आधी द्यावी आणि मग दोषी कोण ते शोधून त्याच्याकडून वसूल करावी. ओझं आजाऱ्याच्या डोक्यावर नको. आम्ही हमाल आहोत, ओझं कोणाच्या डोक्यावर द्यायचं हे आम्हाला कळतं. आणि दुसरी मागणी, नॅटची तपासणी प्रत्येक पिशवीला. रक्ताचा एकच पाणवठा.

पण कायदा होईल तेव्हा होईल. उद्या सकाळपासून काय करायचं? रक्त चढवण्याआधी पिशवीच्या लेबलचा मोबाइलवर फोटो घ्या. नंबर, तारीख, पेढीचं नाव स्वच्छ दिसलं पाहिजे. क्रॉसमॅचची चिठ्ठी, पैशाची पावती, डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत ठेवा. सतत रक्त लागणाऱ्या माणसाची रोगांची तपासणी ठरावीक काळाने करून घ्या, म्हणजे रोग कधी शिरला ते सांगता येईल. दवाखान्याकडे केसपेपर लेखी मागा. २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने ७२ तासांत दिले पाहिजेत. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. वस्तीत ज्याला वाचता येतं त्याने एका आजाऱ्याची फाइल सांभाळायची. बस्स, एवढंच. मोर्चा काढायला एक दिवस लागतो, फाइल सांभाळायला दहा वर्षं. दोन्ही आंदोलनच आहे.

मावशीच्या पोरीचं काय झालं, ते सांगून संपवतो.

हेपटायटिस सी आता गोळ्यांनी बरा होतो. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात त्या फुकट मिळतात. बारा आठवडे तिने त्या घेतल्या. आता तिच्या रक्तात विषाणू नाही. आम्ही दवाखान्यात गेलो तर तिथला माणूस हसून म्हणाला, "बरी झाली न पोरगी? मग आता कशासाठी भांडता?"

हा प्रश्न तुम्हालाही कोणीतरी विचारेल. उत्तर तयार ठेवा. फाटलेलं पोतं शिवलं म्हणून क्लेम रद्द होत नाही. तिचं शाळेचं वर्ष गेलं. मैत्रिणींनी डबा खाणं सोडलं. मावशीची मजुरी बुडाली. रात्री पोरगी विचारायची, "दादा, मी मरणार का?" त्याचा हिशेब कोणत्या वहीत आहे?

आम्ही तक्रार दाखल केली आहे. निकाल लागलेला नाही. समोरचे म्हणतात, पोरीला पाच वेळा रक्त दिलं, दोन वेगवेगळ्या पेढ्यांचं. आमच्याच पिशवीतून आला कशावरून? मी सगळे कागद शोधायला बसलो, तेव्हा मावशीने बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा पुढे ठेवला. त्यात जातीचा दाखला, रेशनकार्ड, आणि रक्ताच्या चार पावत्या. तिला वाचता येत नाही. "पैसे देल्ले तं पावती ठेवा लागते, बाबू," एवढंच म्हणाली. चार पावत्या, चार नंबर. पाचवा नाही. तो माझ्या पँटच्या खिशात धुतला गेला होता.

अंगठा लावणाऱ्या बाईने चार जपले. मॅट्रिक झालेल्या कवीने एक घालवला. आता त्या एका तारखेसाठी पेढीची नोंदवही मागवा असा अर्ज आम्ही केला आहे. पाच वर्षं व्हायची आहेत अजून. वही असलीच पाहिजे. नसेल तर का नाही, तेही त्यांनाच सांगावं लागेल.

मावशी आता नशीब म्हणत नाही. तारीख असली की डबा काखेत घेऊन माझ्याआधी येऊन बसते.

तुमच्या घरातला डबा आज रात्री उघडून बघा. जय भीम.